सोल्डरिंग आयर्न : वॅट विचारता, आतली घडण कोण विचारणार?

वणीच्या किंवा आदिलाबादच्या बाजारात सोल्डरिंग आयर्न घ्यायला गेलेला आमच्या मुकुटबनकडचा दुरुस्तीवाला साधारणपणे दोनच प्रश्न विचारतो. किती वॅटचा? आणि केवढ्याला? दुकानदारही तेवढ्याच दोन प्रश्नांची उत्तरे देतो, नग कागदात गुंडाळतो आणि सौदा संपतो. कापडाच्या दुकानात फक्त रंग आणि भाव विचारून थान उचलणारा गिऱ्हाईक आला तर आम्ही कापडवाले मनातल्या मनात हसतो. सूत कोणते, पोत कसा, पन्ना किती, धुतल्यावर आटेल काय, हे काहीच त्याने विचारलेले नसते. पण तोच व्यवहार अवजाराच्या बाबतीत आपले कारागीर रोज करतात, आणि कापड तर अंगावर घालायचे असते, अवजारावर घर चालवायचे असते.

विजेच्या सामानाचा व्यापार माझा नव्हे. तरी या पानावर हा विषय घेण्याचे कारण असे की, ज्या घरांत काल शिलाई, पिंजाई किंवा कल्हई होत होती त्यांतील कितीतरी घरांतील मुले आज मोबाइल, फवारणी पंप, मिक्सर आणि शेतावरची झटका मशीन दुरुस्त करण्याच्या धंद्यात उतरली आहेत. एक टेबल, एक दिवा, एक मल्टिमीटर आणि एक आयर्न एवढ्या भांडवलावर दुकान उघडते. त्यातला सर्वात कमी विचार करून घेतलेला नग म्हणजे आयर्न. "खेड्यातले काम आहे, साधा चालतो," असे सांगितले जाते. माझे म्हणणे नेमके उलट आहे. तापमानावर ताबा असलेल्या आयर्नची गरज मुंबई-नागपूरच्या कारागिरापेक्षा मुकुटबनच्या कारागिराला जास्त आहे. हे का, ते समजण्यासाठी आयर्नच्या आत डोकावले पाहिजे.

आपल्या वाडवडिलांच्या काळातील टिनकाम करणाऱ्याचे अवजार आठवा. लोखंडी सळईच्या टोकाला तांब्याचा जाड ठोकळा आणि मागे लाकडी मूठ. ठोकळा कोळशाच्या शेगडीत तापवायचा, नवसागरावर घासायचा, कथील-शिशाचा डाख उचलायचा आणि सांध्यावर फिरवायचा. तांब्यात साठवलेली उष्णता संपली की पुन्हा शेगडी. विजेचा आयर्न म्हणजे हीच शेगडी मुठीच्या पुढे नळीत आणून बसवली, एवढेच. अमेरिकेत अल्बर्ट मार्श याने निकेल आणि क्रोमियमच्या मिश्रधातूचे पेटंट 1906 साली घेतले. ही नायक्रोमची तार लाल होईपर्यंत तापली तरी लवकर जळत नाही. पुढे 1921 मध्ये जर्मनीत अर्न्स्ट झाक्स याने कारखान्यात मोठ्या संख्येने निघेल असा विजेचा आयर्न बाजारात आणला. त्याच्या नावाची आद्याक्षरे जोडून झालेली 'एर्सा' ही कंपनी आजही हेच काम करते.

आता आपल्याकडे घरोघरी दिसणारा 25 वॅटचा साधा आयर्न घ्या. आपल्याकडे सोल्ड्रॉन हे नाव त्यासाठी जुने आणि ओळखीचे आहे, शिवाय बिननावाचे नग ढिगाने मिळतात. स्क्रू काढून नळी बाजूला केली की आत पोलादाची एक बारीक पोकळ नळी दिसते. तिच्याभोवती अभ्रकाचा पापुद्रा, त्यावर केसासारख्या नायक्रोम तारेचे वेढे, वरून पुन्हा अभ्रक. अभ्रक उष्णता सोसते आणि वीज अडवते, म्हणून ते दोन्ही बाजूंना. हे अभ्रक एकेकाळी आपल्या कोडरमा आणि नेल्लोरच्या खाणींतून जगभर जात असे. पोकळ नळीत तांब्याची बिट सरकवून स्क्रूने आवळलेली असते. तारेची दोन टोके काचतंतूच्या किंवा चिनी मातीच्या आवरणातून मुठीत येतात आणि तिथे वायरला जोडली जातात. तिसरी, म्हणजे अर्थिंगची तार बाहेरच्या धातूच्या नळीला जोडलेली असते, निदान असायला हवी.

या तारेचा रोध किती असावा हे गणिताने काढता येते. 230 व्होल्टवर 25 वॅट म्हणजे सुमारे 2100 ओहम, आणि 60 वॅटला सुमारे 880 ओहम. दुकानातच मल्टिमीटर लावून पाहावे. डब्यावर 60 छापलेले आणि आत रोध 2000 च्या घरात निघाला, तर तो नग 25 वॅटचाच आहे, छपाई काहीही म्हणो. कापडाचा पन्ना आपण गजाने मोजून घेतोच ना?

परंतु वॅट बरोबर निघाला म्हणजे काम झाले असे नाही. वॅट म्हणजे तापमान, हा समज मुळातच चुकीचा आहे. वॅट म्हणजे दर सेकंदाला आत किती उष्णता ओतली जाते त्याचे माप. बिट किती तापेल हे त्या ओतण्यावर आणि गळतीवर, दोन्हींवर ठरते. साध्या आयर्नला कुठेही थांबा नाही. हवेत गळणारी उष्णता आत येणाऱ्या उष्णतेइतकी होईपर्यंत तो तापतच जातो. म्हणून टेबलावर अर्धा तास नुसता पडलेला 25 वॅटचा आयर्न साडेतीनशे-चारशे अंश सेल्सिअसपर्यंत जातो आणि बिट काळी पडते. तोच आयर्न पंपाच्या बॅटरीच्या जाड टर्मिनलला टेकवला की धातू उष्णता ओढून घेतो, बिट थंड होते आणि सोल्डर दह्यासारखा घट्ट होऊन चिकटतो. मोठ्या वॅटचा आयर्न जास्त गरम असतो असे नव्हे. त्याची बिट जाड असते आणि खर्च झालेली उष्णता तो लवकर भरून काढतो, एवढाच फरक.

आणि इथेच आपल्या गावच्या विजेचा प्रश्न येतो. नायक्रोमच्या आयर्नची ताकद दाबाच्या वर्गाप्रमाणे बदलते. दाब 230 वरून 180 वर आला तर 25 वॅटचा आयर्न जेमतेम 15 वॅटचा राहतो आणि 60 चा साधारण 37 चा. रात्री दाब 250 वर चढला की तोच 25 चा नग साडेएकोणतीस वॅट खातो. शेतीपंप सुरू झाल्यावर दिवे मंदावतात हे खेड्यात कोणाला सांगायला नको. म्हणजे एकाच कारागिराच्या हातातला एकच आयर्न सकाळी एक अवजार असतो आणि रात्री दुसरे. शहरातल्या कारागिराला दाब तरी बऱ्यापैकी एकसारखा मिळतो, त्याचा हात त्या आयर्नला सरावतो. आपल्या मुलाचा हात कशाला सरावणार? दुपारी केलेला सांधा वरून चमकतो, आतून कोरडा राहतो. आठ दिवसांनी फोन परत येतो आणि त्याच्या पुढच्या वेळी गिऱ्हाईक सरळ वणीला जातो. लोक म्हणतात, पोराच्या हाताला यश नाही. हाताचा दोष किती आणि आयर्नचा किती, हे कोणी तपासत नाही.

मोबाइलने हा प्रश्न आणखी बिकट केला. नेहमीचा 63 टक्के कथील आणि 37 टक्के शिसे असलेला सोल्डर 183 अंशांवर वितळतो. पण युरोपच्या बाजारात 1 जुलै 2006 पासून शिशावर बंधन आले आणि फोनच्या कारखान्यांतून शिसेविरहित सोल्डर सुरू झाला. तो 217 ते 220 अंशांच्या आसपास वितळतो. म्हणजे उष्णता जास्त हवी, आणि बोर्ड व त्यावरचे तिळाएवढे भाग मात्र पूर्वीपेक्षा नाजूक. कमी पडली तर सांधा धरत नाही, थोडी जास्त झाली की बोर्डावरचा तांब्याचा पट्टा पापुद्र्यासारखा सुटून वर येतो. पट्टा सुटला की तो फोन भंगारात.

बाजारात मुठीवर चक्री असलेले 60 वॅटचे आयर्न आले आहेत. चक्रीवर 200 पासून 450 पर्यंत आकडे छापलेले असतात आणि गिऱ्हाईकाला वाटते की तापमान आपल्या मुठीत आले. यात दोन जाती आहेत आणि बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. एका जातीत हीटरजवळ उष्णता जाणणारा सेन्सर असतो आणि मुठीतले सर्किट तो पाहून वीज चालू-बंद करते. दुसऱ्या जातीत पंख्याच्या रेग्युलेटरसारखी नुसती वीज कमी-जास्त करण्याची सोय असते. तिथे 350 हा आकडा म्हणजे केवळ रंगकाम, कारण बिट किती तापली हे त्या चक्रीला ठाऊकच नसते, आणि दाब उतरला की तोही आयर्न उतरतो. ओळखण्याची साधी रीत म्हणजे मूठ उघडून हीटरकडे जाणाऱ्या तारा मोजणे. हीटरच्या दोन आणि सेन्सरच्या वेगळ्या तारा दिसल्या तर माल बरा. दोनच तारा असतील तर बहुधा रेग्युलेटरच. याला एक अपवाद आहे, तो पुढे येईल.

ज्याला आपण स्टेशन म्हणतो त्याची घडण वेगळी. जपानच्या हाको कंपनीचे 936 हे स्टेशन इतके चालले की त्याच्या नकला आज जवळजवळ प्रत्येक शहरात मिळतात. पेटीत ट्रान्सफॉर्मर असतो. तो 230 व्होल्टचे 24 व्होल्ट करतो, म्हणजे हातातल्या दांड्यापर्यंत घातक दाब पोहोचतच नाही. दांड्यात पेन्सिलीच्या शिशासारखी सिरॅमिकची कांडी असते. तिच्या पोटातच तापणारा पट्टा आणि सेन्सर दोन्ही भाजून बसवलेले असतात. बिट टोपणासारखी पोकळ असते आणि या कांडीवर चढते. साध्या आयर्नमध्ये हीटर बाहेर आणि बिट आत, इथे हीटर आत आणि बिट बाहेर, म्हणून उष्णता वाया कमी जाते. सेन्सर बिट थंड झाल्याचे कळवतो आणि पेटी लगेच जास्त वीज सोडते. दाब बराच उतरला तरी तापमान धरून ठेवले जाते, फक्त तापायला थोडा वेळ जास्त लागतो. आपल्या भागासाठी हीच गोष्ट लाखमोलाची आहे. दोष असा की कांडी पडली की तडकते, आणि कांडी व बिट यांच्यामधली हवेची फट उष्णता अडवते. नकली मालात बिट इतकी सैल बसते की हलवली तर वाजते. दुकानात हलवून पाहावी.

ही फट घालवण्यासाठी कार्ट्रिज निघाली. हाकोची टी-12 आणि स्पेनच्या जेबीसी कंपनीची सी-210, सी-245 ही नावे मोबाइलवाल्यांच्या तोंडी असतात. इथे बिट, हीटर आणि सेन्सर एकाच सळईत बंद केलेले असतात. सेन्सर बिटीच्या अगदी टोकाला, म्हणून काही सेकंदांत तापते आणि टेकवताच उतरलेले तापमान तत्काळ भरून निघते. मघाशी म्हटलेला अपवाद हाच. टी-12 मध्ये हीटर आणि सेन्सर एकाच मालिकेत जोडलेले असल्याने सेन्सरला वेगळ्या तारा लागत नाहीत. कामाला हा प्रकार उत्तम, यात वाद नाही. पण टोक झिजले की हीटरसकट सगळी सळई फेकावी लागते, आणि ती मिळवायला नागपूर किंवा हैदराबादची वारी किंवा कुरिअरची वाट पाहणे आले. नवे दुकान मांडणाऱ्याने पहिल्याच दिवशी यात पैसे गुंतवू नयेत असे माझे मत आहे. हातात काम आले, गिऱ्हाईक बसले, की खुशाल घ्यावे.

बिटीबद्दल थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण सर्वात जास्त नुकसान इथे होते. जुनी बिट नुसत्या तांब्याची असे. वितळलेले कथील तांब्याला हळूहळू विरघळवते, म्हणून तिला खड्डे पडत आणि उस्ताद शागिर्दाला कानस फिरवायला शिकवत असे. ती शिकवण त्या बिटीला योग्यच होती. आजची चांगली बिट मात्र तांब्याच्या गाभ्यावर लोखंडाचा पातळ मुलामा देऊन बनते. मागच्या भागावर क्रोमियम, म्हणजे सोल्डर वर चढू नये, आणि टोकाला कथिलाचा हात. या बिटीवर कानस किंवा पॉलिश पेपर एकदा फिरवला की लोखंडाचा थर जातो आणि आतले तांबे काही दिवसांत पोखरले जाते. तिला ओला स्पंज किंवा पितळी जाळी पुरते, आणि काम संपल्यावर टोकाला सोल्डरचा थेंब ठेवून मग बटण बंद करावे. कोणती बिट कशी आहे ते चुंबक लावून कळते. टोकाला चुंबक चिकटला तर लोखंडाचा मुलामा आहे, कानस दूर ठेवावी.

बंदुकीच्या आकाराचा आयर्न हा वेगळाच प्रकार. अमेरिकेतील रेडिओ दुरुस्त करणारा कार्ल वेलर याला आयर्न तापण्याची वाट पाहण्याचा कंटाळा आला होता. त्याने 1941 मध्ये अर्ज करून 1946 मध्ये त्याचे पेटंट मिळवले. यात हीटर नाहीच. बंदुकीत ट्रान्सफॉर्मर असतो, त्याचा दुसरा वेढा जाड तांब्याचा आणि एखाद-दुसऱ्या फेऱ्याचा. त्यात एक व्होल्टहूनही कमी दाब, पण शंभराहून अधिक अँपिअर प्रवाह. पुढचे तांब्याचे वाकडे टोक हेच त्या वेढ्याचे शेवटचे अंग, आणि प्रवाहाने तेच तापते. घोडा दाबला की काही सेकंदांत तयार, सोडला की बंद. वायरिंगच्या जाड सांध्याला छान, मोबाइलच्या बोर्डापासून मात्र लांबच ठेवावी. आजकाल नुसत्या बंदुकीच्या मुठीत साधा नायक्रोमचा हीटर घालून त्यालाही गन म्हणून विकले जाते. हातात घेऊन वजन पाहा. ट्रान्सफॉर्मर असेल तर मनगट सांगेल.

वेलरच्याच कंपनीचे मॅग्नास्टॅट मला या सगळ्यांत सर्वात हुशारीचे वाटते. प्रत्येक चुंबकीय धातू एका ठरावीक तापमानाला आपले चुंबकत्व सोडतो, हा निसर्गाचा नियम. बिटीच्या मागच्या टोकाला अशा मिश्रधातूचा तुकडा असतो. बिट थंड असताना दांड्यातला चुंबक त्याच्याकडे ओढला जातो आणि स्विच जोडला जातो. ठरलेले तापमान आले की तुकड्याचे चुंबकत्व जाते, स्प्रिंग चुंबकाला मागे ओढते आणि वीज तुटते. टक् असा आवाज येतो. तापमान बदलायचे तर बिट बदलायची. बिटीवर 7 कोरलेले असेल तर 700 अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे 370 सेल्सिअस. चक्री नाही, छापील आकड्यांचा भुलभुलैया नाही. अमेरिकेतील मेटकल कंपनीने हेच तत्त्व पुढे नेऊन 13.56 मेगाहर्ट्झच्या प्रवाहाने बिटीचे आवरणच तापवले. पण ती यंत्रे मोठ्या कारखान्यांची, आपल्या आवाक्यातली नव्हेत.

अर्थिंगचा विषय मी मुद्दाम मागे ठेवला. साध्या आयर्नचे अभ्रक वर्षानुवर्षे भाजून ठिसूळ होते, तडा जातो, आणि 230 व्होल्टची तार बाहेरच्या नळीला टेकते. अर्थिंग असेल तर फ्यूज उडतो. अर्थिंग नसेल तर नळी जिवंत होते आणि तिला फक्त कारागिराचा हात शिवायचा बाकी असतो. आपल्या दुकानांत तीन पिनांचा प्लग काढून दोन पिनांचा लावलेला किती ठिकाणी दिसतो! बारीक गळती असेल तर माणसाला झिणझिण्या येतात, पण फोनचा आयसी तेवढ्यानेही जातो. दुकानभाड्याच्या बोलीत अर्थिंगची तार जमिनीत पुरून घेण्याची अट प्रत्येक मुलाने घालावी. तसेच सोल्डरमध्ये शिसे असते. त्याच हाताने खर्रा घोटायचा आणि तोंडात टाकायचा ही आपल्या विदर्भाची सवय आहे, निदान मध्ये साबणाने हात तरी धुवावेत.

मग घ्यावे काय? मुकुटबन-झरीकडच्या दुकानात सकाळी सिमेंट कारखान्यातल्या किंवा कोळसा खाणीवरच्या कामगाराचा फोन येतो आणि दुपारी कापसावर फवारणी करणाऱ्याचा बॅटरी पंप. एका आयर्नने दोन्ही करू पाहणे म्हणजे एकाच सुईने रेशीमही शिवायचे आणि गोणपाटही. जाड कामासाठी 60 वॅटचा साधा, तीन पिनांचा, हीटर बदलता येणारा नग, आणि बोर्डासाठी 24 व्होल्टचे स्टेशन, सोबत दोन जादा बिटी व एक जादा कांडी. साध्या 25 वॅटच्या तुलनेत हा खर्च आठ-दहा पट होतो, हे मान्य. पण परत आलेले आणि बाद झालेले फोन मोजले तर ती रक्कम फार दिवस आड येत नाही.

आता ज्यांच्या हातात थैली आहे त्यांच्याशी दोन शब्द. केंद्र सरकारने 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू केलेल्या विश्वकर्मा योजनेत 18 व्यवसाय आहेत आणि अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत आहे. त्यात शिंपी आहे, सोनार आहे, कुलूप बनवणाराही आहे. मोबाइल किंवा पंप दुरुस्त करणारा नाही आणि कल्हईवालाही नाही. म्हणजे या मुलांना अवजार मिळायचे तर ते घरातून किंवा जमातीतूनच. आपल्या बऱ्याच संस्था जलसा करून बेरोजगार मुलांना अवजारांची पेटी वाटतात, ही चांगली गोष्ट आहे. पण पेट्यांची संख्या वाढावी म्हणून आत सर्वात स्वस्त आयर्न टाकला जातो. पन्नास मुलांना तसे आयर्न देण्यापेक्षा दहा मुलांना स्टेशन द्यावे. छायाचित्रात गर्दी कमी दिसेल, एवढेच. उरलेल्यांना हातउसने, बिनव्याजी द्यावे आणि कमाईतून परत घ्यावे. शिलाई मशीन देताना आपण पाय-मशीन की मोटार-मशीन एवढी तरी चौकशी करतो.

आणि विजेचे सामान विकणाऱ्या आपल्या व्यापारी बांधवांना विनंती अशी की, चक्रीचा आयर्न काउंटरवर ठेवाल तेव्हा तो सेन्सरचा आहे की रेग्युलेटरचा हे एक नग उघडून स्वतः पाहा आणि गिऱ्हाईकाला सांगून विका. मालातील ऐब झाकून विकू नये हे आपल्याला लहानपणीच शिकवलेले आहे, आणि कापडाच्या गाठीला लागू असलेले ते शिक्षण हीटरलाही लागू आहे. एक मल्टिमीटर काउंटरवरच ठेवावा. गिऱ्हाईकासमोर रोध मोजून दाखवायला मिनिटही लागत नाही, आणि ज्या घाऊक व्यापाऱ्याकडून 60 छापलेले 25 वॅटचे नग आले असतील त्याला ते परत पाठवायला तोच आकडा कामी येईल.